पोर्टिंग घरी करायचं तर धातू नेमका कुठला काढायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: जुन्या मारुती एस्टीमचं १२९८ सीसीचं, आठ व्हॉल्व्हचं कार्बोरेटरवालं इंजिन. हेड पॅकिंग गेल्यामुळे हेड उतरवून टेबलावर ठेवलंय. गाडी अधूनमधून ऑटोक्रॉसला, म्हणजे मैदानात आखलेल्या वळणावळणाच्या वाटेवर वेळ लावून होणाऱ्या स्पर्धेला, पळवायची आहे. हेड खाली आलंच आहे तर इंटेक-एक्झॉस्टचे पोर्ट (हवा आत येण्याच्या आणि धूर बाहेर जाण्याच्या हेडातल्या वाटा) घरीच घासून, म्हणजे पोर्टिंग करून, मोठे करून आरशासारखे पॉलिश करावेत का, आणि किती मोठे करावेत?

करा, जरूर करा. फक्त प्रश्नातले ‘मोठे’ आणि ‘आरशासारखे’ हे दोन शब्द आधी खोडून टाका. घरी वाया गेलेली बहुतेक हेडं याच दोन शब्दांपायी वाया जातात.

इंटेक पोर्टच्या तोंडातून आत बोट घालून बघा. मॅनिफोल्डकडचा, म्हणजे हेडला बाहेरून जोडलेल्या नळ्यांकडचा, भाग बऱ्यापैकी सरळ आणि ऐसपैस लागेल. तिथे हवेला फारशी अडचण नसते. बोट पुढे गेलं की पोर्ट खाली वळतो, गाइडचा (व्हॉल्व्हची दांडी जिच्यात सरकते त्या नळीचा) उंचवटा मध्ये येतो आणि सीटच्या (व्हॉल्व्ह जिच्यावर टेकतो त्या कडेच्या) खाली एक धारदार पायरी नखाला अडते. कारखान्यात ओतीव हेडमध्ये सीटची रिंग दाबून बसवतात आणि तिच्याखालचा गळा कटरने साफ करतात. कटर जिथे थांबला तिथे ही पायरी राहते. ओतताना आतला गाभा जरा सरकला असेल तर पायरी एका बाजूला चांगली जाड आणि समोरच्या बाजूला जवळजवळ नाहीशी, असंही दिसेल. सीटच्या खालचे हे १२-१५ मिमी म्हणजे पोर्टिंगची खरी जागा. मिळायचं त्यातलं बहुतेक इथेच मिळतं, आणि त्यासाठी काढायचा धातू सगळा मिळून चहाच्या चमच्यात मावतो.

पोर्ट सरसकट मोठा केला तर काय बिघडतं? हवा तितकीच, वाट रुंद, म्हणजे वेग कमी. पिस्टन खालून वर निघाला तरी हवा स्वतःच्या वेगाच्या जोरावर सिलिंडरमध्ये शिरत राहते, कारण इंटेक व्हॉल्व्ह तेव्हा अजून उघडाच असतो. वेग गेला की हा फुकटचा भरणा गेला. कार्बोरेटरच्या इंजिनात आणखी एक नुकसान: मंद हवेतून पेट्रोलचे थेंब भिंतीवर बसतात आणि खालच्या आरपीएमला गाडी अडखळते. ऑटोक्रॉसमध्ये गाडी वळणातून निघताना २५००-४००० च्या पट्ट्यातच जास्त असते, तेव्हा हे नुकसान लगेच जाणवतं.

गळा किती ठेवायचा याचं माप व्हॉल्व्हवरून ठरतं. हिशेबाला ३० मिमीचा व्हॉल्व्ह धरा. व्हॉल्व्हच्या कडेभोवतीची फट आणि व्हॉल्व्हच्या तोंडाचं क्षेत्रफळ ही दोन्ही लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह सीटवरून जितका उचलला जातो ते अंतर, व्यासाच्या पाव असताना, म्हणजे ७.५ मिमीला, बरोबर सारखी होतात. त्याखाली अडचण फटीची आणि सीटची असते, पोर्टची नव्हे. स्टॉक, म्हणजे कंपनीचाच, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) असेल तर व्हॉल्व्ह बहुतेक वेळ याच कमी लिफ्टमध्ये असतो. म्हणून गळा व्हॉल्व्हच्या व्यासाच्या ८५ ते ९० टक्के ठेवतात: ३० च्या व्हॉल्व्हला २५.५ ते २७ मिमी. ८८ च्या पुढे घरी जाऊ नका. तिथून पुढे सीटच्या रिंगखालचा आधार पातळ होत जातो, आणि सैल झालेली सीट चालत्या इंजिनात निघून आली तर पिस्टनही जातो. आपल्या हेडचा व्हॉल्व्ह व्हर्नियरने स्वतः मोजा. दुसऱ्याच्या हेडचे आकडे उतरवून घेऊ नका.

अपेक्षाही बेताची ठेवा. स्टॉक कॅम, स्टॉक कार्बोरेटर, स्टॉक सायलेन्सर असताना नीट केलेल्या कामातून तीन ते पाच टक्के मिळाले तरी काम चांगलं झालं म्हणायचं. कॅम आणि एक्झॉस्ट बदलल्यावर हेच हेड जास्त देईल.

बर, म्हणजे ग्राइंडरवर फिरणारा दातेरी कटर, हातात घेण्याआधी कामाचा क्रम ठरवून टाका. आधी गाइड, मग पोर्ट, मग सीट, शेवटी लॅपिंग (व्हॉल्व्ह पेस्ट लावून सीटवर घासून बसवणं). सीट कापणारं हत्यार गाइडमध्ये घातलेल्या पायलटवर फिरतं, त्यामुळे गाइड झिजलेला असेल तर सीट एका बाजूला सरकून कापली जाते. व्हॉल्व्ह साधारण १० मिमी उचलून त्याचं डोकं बाजूला हलवा. डायल गेजवर दिसणारी हालचाल मॅन्युअलच्या मर्यादेबाहेर असेल तर गाइड बदलावे लागतील. तसं असेल तर जुने गाइड काढल्यावर आणि नवे ठोकण्याआधी पोर्टिंग करा, हात सरळ आत जातो. सीट आधी कापून मग पोर्टिंग केलं तर बर एकदा तरी सीटवर उडतोच, आणि सीटवर गेलेला एक ओरखडा म्हणजे पुन्हा बोअरिंगवाल्याकडे फेरी.

हत्यारं मोजकी लागतात. ६ मिमी कोलेटचा, वेग कमी-जास्त करता येणारा इलेक्ट्रिक डाय ग्राइंडर. हवेवर चालणाराही चालेल, पण घरगुती लहान कंप्रेसर त्याला पुरत नाही, दर मिनिटाला थांबावं लागतं. ॲल्युमिनियमसाठी मोठ्या दात्यांचा, एकेरी कटाचा टंगस्टन कार्बाइड बर, अंडाकृती किंवा गोल टोकाच्या सिलिंडरचा, १० ते १२ मिमी, लांब दांड्याचा. ओतीव लोखंडाच्या मॅनिफोल्डसाठी दुहेरी कटाचा वेगळा बर. दोन्हींची अदलाबदल केली तर दुहेरी कटाचे बारीक दाते ॲल्युमिनियमने मिनिटभरात भरून जातात. शिवाय ६० आणि ८० ग्रिटचे कार्ट्रिज रोल (एमरी कापडाच्या घट्ट गुंडाळ्या), एमरी पट्टी धरायला चीर पाडलेली सळई, निळी मार्किंग शाई, स्क्राइबर, आतलं माप घ्यायला टेलिस्कोपिक गेज. मुंबईत नागदेवीला, कोल्हापुरात उद्यमनगरात हे सगळं मिळतं. बरमध्ये मात्र काटकसर करू नका. स्वस्त बरचं डोकं ब्रेझिंगच्या जागी तुटतं, आणि त्या वेळी तुमचा चेहरा हेडपासून वीतभर अंतरावर असतो. गॉगल, मास्क आणि कानाला बंदोबस्त हवाच. सैल सुती हातमोजे नकोत, बर त्यांना ओढून घेतो.

लांब दांड्याच्या बरचा एक धोका वेगळा सांगायला हवा. तो पूर्ण वेगात हवेत मोकळा फिरवला तर दांडा वाकतो आणि चाबकासारखा फिरतो. बर आधी पोर्टमध्ये टेकवा, मग स्विच दाबा, आणि ॲल्युमिनियमला १२-१५ हजार आरपीएमच्या पुढे जाऊ नका. बाहेर काढण्याआधी थांबवा. दात्यांत ॲल्युमिनियम अडकू नये म्हणून बरवर दर मिनिटाला मेणबत्ती घासा. रॉकेलचे थेंबही चालतात, पण सगळीकडे चिखल होतो आणि मार्किंगची शाई पुसली जाते. कापताना येणारा आवाज ऐकत राहा: एकसारखा घरघरता आवाज म्हणजे बर कापतोय, किंचाळणारा आवाज म्हणजे दाते भरलेत किंवा तुम्ही दाबताय. हात सतत फिरता ठेवा. एका जागी दोन सेकंद थांबलात तर तिथे खळगा पडतो, आणि तो भरून काढायला सगळा पोर्ट तितका खोल न्यावा लागतो. पोर्ट नकळत मोठा होतो तो असाच.

भिंत किती जाड आहे हे बाहेरून कळत नाही, आणि पलीकडे पाण्याची वाट आहे. यावरचा सर्वांत खात्रीचा आणि स्वस्त उपाय: भंगारातून त्याच इंजिनाचं एक तडकलेलं हेड आणा आणि एक इंटेक, एक एक्झॉस्ट पोर्ट मधोमध करवतीने उभे चिरा. भिंत कुठे जाड, कुठे पातळ, गाइडच्या वर किती धातू आहे, स्प्रिंगच्या बैठकीखाली किती, सगळं डोळ्यांनी दिसतं. उरलेल्या पोर्टवर हात बसवून घ्या. कास्टिंग हेडागणिक थोडं बदलतं, त्यामुळे चिरलेल्या हेडात ५ मिमी दिसले म्हणून तुमच्या हेडात ५ असतीलच असं नाही. गळ्याबाहेर कुठेही १ मिमीपेक्षा जास्त काढायचं नाही, एवढं बंधन घालून घ्या.

आता प्रत्यक्ष काम. आठही सीटांवर जुने, टाकाऊ व्हॉल्व्ह बसवून ठेवा आणि ज्या पोर्टवर काम चालू आहे तेवढाच काढा. पहिल्यांदा सीटखालची पायरी. बर गळ्यात ठेवून वरच्या दिशेने, सीटच्या रिंगच्या आतल्या कडेपर्यंत, पण रिंगला न लागता. रिंग आणि ॲल्युमिनियम यांच्यामधली रेघ बोटाला लागेनाशी झाली की थांबा. मग गाइडचा उंचवटा: त्याला हवेच्या येण्याच्या दिशेने नावेच्या नाळेसारखी निमुळती धार द्या, पण मुळापासून उडवू नका. एक्झॉस्टमध्ये तर तो जवळजवळ तसाच ठेवा. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची उष्णता सीटमधून आणि गाइडमधून हेडात उतरते. गाइडभोवतीचा धातू काढलात तर तेवढा निचरा कमी झाला, आणि व्हॉल्व्ह जळायला तेवढंच पुरतं.

वळणाची आतली बाजू, म्हणजे पोर्टची फरशी जिथे सीटकडे उतरते तो उंबरठा, ही सगळ्यांत फसवी जागा. हात तिथे सहज पोचतो म्हणून प्रत्येकाला तिथेच घासावंसं वाटतं. हवेला मात्र तिथे सगळ्यांत आखूड वळण घ्यायचं असतं. उंबरठा खाली नेला तर वळण आणखी तीव्र होतं, हवा तळ सोडून उडते आणि व्हॉल्व्हच्या फक्त एका बाजूने आत जाते. पोर्ट मोठा झालेला असतो आणि हवा आधीपेक्षा कमी जाते. इथे फक्त धारदार कड मोडून गोलाई द्यायची, तीही बरने नाही, ८० ग्रिटच्या रोलने. पोर्ट थोडा सरळ करायचाच असेल तर धातू छताकडून काढतात, पण छतावर पाणी आणि स्प्रिंगची बैठक आहे. चिरलेलं हेड समोर असल्याशिवाय तिकडे जाऊ नका.

इंटेकला ६०-८० ग्रिटचा फिनिश ठेवून थांबायचं. अशा खरखरीत भिंतीवर पेट्रोलचा थर साचून ओघळत नाही, हवा तो पुन्हा उचलते. आरशासारखं पॉलिश इंटेकला नुसतं दिसायला. एक्झॉस्टमध्ये पेट्रोलचा प्रश्न नाही, तिथे १२०-१८० पर्यंत न्या. गुळगुळीत भिंतीवर काजळी उशिरा धरते, एवढाच फायदा, आणि त्याहून जास्त वेळ घालवण्यात अर्थ नाही.

मॅनिफोल्ड जुळवणं ऐकायला सोपं, आणि चुका इथेच होतात. पॅकिंगचं भोक पोर्टपेक्षा मोठंच असतं, म्हणून पॅकिंगच्या मापाला पोर्ट मोठा करायचा नाही. पॅकिंग फक्त साचा म्हणून वापरा. हेडच्या तोंडाला निळी शाई लावा, पॅकिंग स्टडवर बसवा, स्क्राइबरने रेघ मारा. तोच साचा मॅनिफोल्डवर लावताना त्याची बाजू पालटायची असते. नाही पालटली तर असमान पोर्ट असलेल्या हेडावर सगळी जुळणी उलटी होते. शिवाय मॅनिफोल्डची भोकं स्टडपेक्षा मोठी असतात, म्हणजे आज जुळवलेला मॅनिफोल्ड उद्या मिलिमीटरभर सरकून बसतो. दोन टोकांना ५ मिमीच्या डॉवेल पिना घालून घ्या, नाहीतर केलेली मेहनत पहिल्या नटापर्यंतच.

किती जुळवायचं? पायरी प्रवाहाच्या दिशेने उतरती चालते, चढती चालत नाही. इंटेकला मॅनिफोल्डचं तोंड हेडच्या पोर्टपेक्षा चहूबाजूंनी अर्धा मिमी लहान असलं तर काही बिघडत नाही. मोठं असेल तर हवा हेडच्या कडेवर आपटते. एक्झॉस्टला उलट, हेडचा पोर्ट लहान आणि मॅनिफोल्डचं तोंड १-१.५ मिमी मोठं. ती पायरी ठेवाच, परतणारा दाब तिथे अडतो. तोंडाशी रुंद करून लगेच आत अरुंद सोडलं तर मध्ये फुगवटा होतो, म्हणून जुळणी आत २०-२५ मिमीपर्यंत हळूहळू मिसळवत न्या. कार्बोरेटरवाल्या इंटेक मॅनिफोल्डमध्ये कूलंटची वाटही असते, तेव्हा कार्बोरेटरच्या बुडाशी हौसेने खोल जाऊ नका. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या ओतीव लोखंडाची काळी भुकटी फुप्फुसाला वाईट. ते काम घराबाहेर आणि हेडपासून लांब करा.

चारही पोर्ट सारखे झाले का, हे डोळ्यांना कळत नाही. व्हॉल्व्हला जरा ग्रीस लावून बसवा, पोर्टचं तोंड वर करून हेड टेकवा आणि ब्युरेटने रॉकेल ओतून घनफळ मोजा. चार इंटेकमध्ये १ सीसीच्या आत फरक हवा. ज्वलनकक्षांचंही असंच मोजमाप, पारदर्शक ॲक्रिलिकच्या तुकड्याला भोक पाडून: तिथे फरक अर्ध्या सीसीच्या आत. ७४ मिमी बोअर आणि ७५.५ मिमी स्ट्रोकला एका सिलिंडरचे ३२४.७ सीसी होतात. ९ कॉम्प्रेशनला वर ४०.६ सीसी उरतात. त्यातला १ सीसी कमी झाला तर कॉम्प्रेशन ९.२ होतं. हेड पॅकिंग गेलं होतं म्हणून फेस मारणार (हेडचा तळ घासून सपाट करणार) असाल तर हा हिशेब आधी करा. सुझुकीची मर्यादा हेडच्या फेसला ०.०५ मिमी वाकडेपणाची आहे. तेवढ्यात असेल तर फेस मारूच नका.

घनफळ सारखं म्हणजे प्रवाह सारखा, असं मात्र नाही. त्यासाठी हवेचा प्रवाह मोजणारा घरगुती बाक (फ्लो बेंच) बनवता येतो: घट्ट झाकणाची प्लास्टिक बादली, तिला व्हॅक्यूम क्लीनरची नळी, झाकणावर ७४ मिमी आतल्या व्यासाचा वीतभर पाइप, त्यावर हेड. बादलीला पारदर्शक नळीचा यू जोडून त्यात रंगीत पाणी भरा. ज्या पोर्टमधून हवा जास्त जाते तिथे पाण्याच्या दोन पातळ्यांतलं अंतर कमी. पोर्टच्या तोंडाला प्लॅस्टिसिनची गोल कड लावा, नाहीतर धारदार तोंडावरच हवा फाटते आणि आकडा काहीतरीच येतो. शाडू वापरू नका, वाळून भुगा आत पडतो. व्हॉल्व्हला हलकी स्प्रिंग लावून २, ४, ६, ८ मिमी लिफ्टला मोजा. वीज वरखाली झाली की मोटरचा वेग बदलतो, म्हणून सगळे पोर्ट एका बैठकीत मोजा आणि शेवटी पहिला पोर्ट पुन्हा. तो जुळला नाही तर सगळी मोजणी रद्द. या बाकावरचे आकडे दुसऱ्या कुणाच्या आकड्यांशी ताडता येत नाहीत, पण तिसरा पोर्ट मागे का, हे शोधायला तो पुरतो. धातू काढण्याआधीची मोजणी लिहून ठेवायला विसरू नका. ती नसेल तर सुधारलं की बिघडलं हे कळायला मार्ग नाही.

सीटचं काम बोअरिंगवाल्याकडेच द्या, पण तीन कोन स्पष्ट सांगा: ४५ अंशाची बसणारी पट्टी, वर ३०, खाली ६०. पट्टीची रुंदी १.३ ते १.५ मिमी आणि ती व्हॉल्व्हच्या उतारावर मध्यभागी. रेसिंगसाठी म्हणून एक्झॉस्टची पट्टी आणखी बारीक करायला कुणी सुचवलं तर नको म्हणा, व्हॉल्व्ह थंड राहत नाही. इंटेक व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूला ३० अंशाचा बारीक कट मात्र मारून घ्या. काम पाच मिनिटांचं, आणि कमी लिफ्टला तो गळ्यातल्या तासाभराच्या घासण्याइतका उपयोगी पडतो. सीट खोल गेली असेल तर स्प्रिंगची बसलेली उंची मोजून खाली शिम (पातळ चकती) घाला.

हेड जोडण्याआधी दाबाची चाचणी करा. पाण्याची सगळी भोकं रबर आणि पट्ट्यांनी बंद करून १.५-२ बार हवा भरा आणि हेड गरम पाण्याच्या टबात बुडवा. पोर्टमधून बुडबुडे आले तर भिंत फुटली आहे. ॲल्युमिनियमचं आर्गन वेल्डिंग करणारा चांगला हात मिळाला तर ते भरता येतं, पण हेड वाकतं आणि सीट, गाइड, फेस सगळं पुन्हा करावं लागतं. एम-सीलसारखं काही भरून वेळ मारून नेऊ नका, पाणी सिलिंडरमध्ये जाईल. मग धुणं: गरम पाणी, साबण, बाटलीचा ब्रश, ऑइलच्या प्रत्येक भोकातून हवा. हे दोनदा. ॲल्युमिनियमचा एक कीस कॅमच्या बेअरिंगमध्ये रुतला की पुढची पन्नास हजार किलोमीटर तो तिथेच घासत राहतो.

इंजिन चालू झाल्यावर जुन्या जेटवरच (कार्बोरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यावरच) गाडी ढकलू नका. हवेचा भरणा बदलला की मिश्रणही बदलतं. मिश्रण मोजणारा वाइडबँड सेन्सर उसना मिळाला तर पूर्ण थ्रॉटलला हवा-पेट्रोलचं प्रमाण १२.५ ते १३ हवं. नाही मिळाला तर पूर्ण थ्रॉटलला ओढून, क्लच दाबून, जागीच इंजिन बंद करा आणि प्लग बघा: पोर्सिलेन पांढरंफटक असेल तर मुख्य जेट एक माप वाढवा. मॅप सेन्सरवर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या) चालणाऱ्या नंतरच्या इंजेक्शन इंजिनांत हेच काम ईसीयूच्या, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या, तक्त्यात करावं लागतं. सावकाश चालवताना ऑक्सिजन सेन्सर सांभाळून घेतो, पूर्ण थ्रॉटलला नाही.

स्पर्धेत उतरणार असाल तर वर्गाचे नियम धातू काढण्याआधी वाचा. स्टॉक वर्गांत पोर्टमधून धातू काढायला बहुधा मनाई असते, आणि काढलेला धातू परत लावता येत नाही. रस्त्यावर पीयूसी आहेच. मिश्रण नीट लावलेलं असेल तर पोर्टिंगमुळे ते अडत नाही.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे नट पहिल्या दोन-तीन वेळा गरम होऊन थंड झाल्यावर पुन्हा कसा, थंड इंजिनावर, मधून बाहेरच्या दिशेने. सकाळी चालू करताच टिक-टिक आवाज आला आणि गरम झाल्यावर तो गेला, तर टॅपेट उघडून बसू नका. आधी मॅनिफोल्डच्या पॅकिंगभोवती काळा डाग दिसतो का ते बघा.